पिकअपची उंची आणि ट्रेलरची ओढ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सास, टेनेसी किंवा उत्तर-दक्षिण कॅरोलिना अशा राज्यांत, हमरस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले तर पिकअप ट्रकांची जी अखंड वर्दळ दृष्टीस पडते तिच्यात काही वाहने अशी असतात की त्यांच्या चाकांचा घेर आणि पोटाखालचे मोकळे अंतर पाहून, ती कारखान्यातून याच रूपाने बाहेर पडली असतील यावर विश्वास बसू नये. तो न बसणेच योग्य होय. कारण विकत घेतलेला ट्रक मागाहून दोन, चार, सहा इंचांनी, आणि हौस फारच उतू गेली तर त्याहूनही अधिक, उचलून घेणे हा त्या देशात एक प्रतिष्ठित छंद आणि त्याहून अधिक प्रतिष्ठित धंदा आहे. हौसेला हिशेब विचारू नये असा संकेत आहे आणि तो सामान्यतः पाळावाही. परंतु हेच वाहन शनिवारी तीन टनांचा ट्रेलर ओढणार, सोमवारी कचेरीत जाणार आणि बुधवारी मुलांना शाळेतून आणणार अशी जेव्हा मालकाची अपेक्षा असते, तेव्हा उंचीने या कामांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले याचा जमाखर्च मांडणे भाग पडते.

या हौसेचे मूळ शुद्ध उपयुक्ततेत आहे, हे तिच्या टीकाकारांनी विसरू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर चारही चाकांना शक्ती पुरवणारी लष्करी वाहने मुलकी बाजारात आली. 1946 मध्ये डॉजचा पॉवर वॅगन विक्रीस निघाला. आणि 1950 नंतरच्या दशकात मिनियापोलिसच्या नॅपको कंपनीने शेव्हरले व जीएमसीच्या साध्या ट्रकांना पुढचा चालता आंस बसवून देण्याचा उद्योग चालवला. हे ट्रक उंच दिसत ते आंसाला जागा हवी म्हणून. दिसण्यासाठी त्यांना कोणी उंच केले नव्हते. पुढे कॅलिफोर्नियातील आणि मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातील वाळवंटी शर्यतींनी या उंचीला शौर्याचे वलय दिले, आणि सेंट लुईसच्या बॉब चँडलर यांच्या 1974 सालच्या फोर्ड ट्रकाने, 'बिगफूट' या नावाने, 1981 मध्ये जुन्या मोटारी चाकांखाली चिरडून दाखवल्या तेव्हा उपयुक्ततेचा उरलासुरला पदर गळून पडला व निव्वळ तमाशा शिल्लक राहिला. आज लास वेगासमध्ये दर वर्षी नोव्हेंबराच्या सुमारास भरणाऱ्या, सेमा या वाहनांच्या जादा सामानाच्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रदर्शनात जे ट्रक मांडलेले असतात त्यांपैकी कित्येकांच्या चाकांना मातीचा स्पर्श कधी होईल असे वाटत नाही.

उचलण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यात चॅसी आणि तिच्यावरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ सांगाडा वर घेतात. चॅसी, आंस, ट्रेलर जोडायची हिच, सर्व जागच्या जागी राहते आणि मोठे टायर बसण्यापुरती जागा मिळते. दुसऱ्यात फक्त पुढच्या स्ट्रटवर दीड-दोन इंचांचा तुकडा चढवून ट्रकाचे नाक शेपटाच्या पातळीला आणतात. तिसरा, खरा व खर्चिक प्रकार म्हणजे संपूर्ण सस्पेन्शन बदलणे: पुढे डिफरन्शियल आणि कंट्रोल आर्म ब्रॅकेटांनी खाली घ्यायचे, नवे नकल बसवायचे, आणि मागे आंस व कमानपाटे यांच्यामध्ये ठोकळा घालायचा किंवा पाटेच नवे घ्यायचे. आता यात एक गोष्ट अशी आहे की जी विक्रेता सहसा सांगत नाही व गिऱ्हाईक सहसा विचारीत नाही. मागच्या अखंड आंसाचा सर्वांत खालचा भाग, म्हणजे डिफरन्शियलचा गोल पेटारा, हा चाकांच्या मध्याशी बांधलेला असतो, आणि पाटे कितीही उंच केले तरी तो एका सुताने वर जात नाही. तो वर जातो फक्त टायर मोठा घेतल्याने, आणि तोही टायरच्या व्यासात झालेल्या वाढीच्या निम्म्याने. बत्तीस इंची टायरच्या जागी पस्तीस इंची टायर घालण्यासाठी ट्रक सहा इंच उचलला, तर रस्त्यातील दगडाला आंस अडण्याच्या दृष्टीने मालकाने कमावले ते दीड इंच. बाकीच्या उंचीने चॅसीचे पोट आणि चढउतारावर ट्रकाचे नाक व शेपूट जमिनीला लागण्याची भीती कमी होते हे खरे, आणि ओबडधोबड वाटेवर त्याचे मोल आहेच. परंतु सहा इंच उचलले म्हणजे सहा इंच मिळाले, हा समज भाबडा आहे.

ओढीचा विचार करताना ट्रक मुळात तिरका का असतो येथून सुरुवात करावी लागते. कोणताही नवा पिकअप सपाट जमिनीवर रिकामा उभा असला की त्याचा मागचा भाग पुढच्यापेक्षा इंच-दोन इंच वर दिसतो. पुष्कळांना हे व्यंग वाटते, आणि ते दूर करण्यासाठी वर सांगितलेला दुसऱ्या प्रकारचा तुकडा अमेरिकेत भाजीसारखा विकला जातो. वस्तुतः तो तिरकेपणा ही अभियंत्याची तजवीज आहे: मागच्या हौद्यात माल भरला किंवा हिचवर ट्रेलरचा भार आला की शेपूट बसते आणि वाहन सपाट होते. ज्याने रिकाम्या ट्रकाची शोभा पाहून नाक वर घेतले त्याचा ट्रक भार पडताच आकाशाकडे तोंड करून चालू लागतो. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि ज्या चाकांनी वळायचे त्यांच्यावरचा दाब नेमका हवा तेव्हा उणावतो.

तो किती उणावतो, याचे गणित शाळकरी मुलालाही जमेल असे आहे. साध्या हिचवर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचा सर्वसाधारण नियम असा की त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार त्याच्या पुढच्या टोकातून हिचवर पडला पाहिजे. सात हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे 3,175 किलोंचा, प्रवासी ट्रेलर घेतला तर हा भार 700 ते 1,050 पौंड होतो. सोयीसाठी हजार धरू. दोन ओळींच्या मोठ्या केबिनच्या ट्रकात पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर साधारण बारा फूट असते, आणि हिचचा गोळा मागच्या आंसाच्या मागे सुमारे पाच फुटांवर असतो. तेव्हा मागचा आंस हा तरफेचा टेकू समजला तर गोळ्यावरचे हजार पौंड पुढच्या आंसावरून चारशेहून अधिक पौंड उचलून घेतात आणि मागच्या आंसावर चौदाशेच्या वर जाऊन बसतात. आपल्याकडे बैलगाडी भरणारा माणूस ओझे पुढे-मागे सरकवून गाडी धुरजड होऊ देत नाही आणि उलाळही होऊ देत नाही, तोच विवेक येथे लागतो. फरक इतकाच की गाडी उलाळ झाली तर बैल थांबून कान हलवतो, आणि ताशी शंभर किलोमीटर वेगाने चाललेला ट्रेलर उलाळ झाला तर तो शेपूट झाडू लागतो व ट्रकाला आपल्यामागून फरफटत नेतो.

ट्रेलर जमिनीला समांतर चालला पाहिजे ही अट याच विवेकातून येते, आणि उंचावलेल्या ट्रकाची खरी अडचण याच ठिकाणी सुरू होते. गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या कपलरची उंची ठरलेली, ट्रकाची मात्र वाढलेली. सस्पेन्शनचे सहा इंच आणि टायरचे दीड इंच मिळून हिचचा चौकोनी गाळा मूळच्यापेक्षा साडेसात इंच वर गेला. मूळ ट्रकालाही दोन-तीन इंच खाली उतरणारी दांडी लागत होती असे धरले, तर आता गोळा गाळ्याच्या खाली दहा इंच लोंबला पाहिजे. तशा दांड्या बाजारात मिळतात, आणि मिळतात म्हणून प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटते. परंतु ती दहा इंचांची दांडी म्हणजे गाळ्याला पिळणारी दहा इंचांची तरफच होय: ब्रेक दाबला की मागून ट्रेलर रेटतो, चढ लागला की मागे खेचतो, आणि प्रत्येक वेळी ते बळ गाळ्याच्या पातळीत न लागता त्याच्या एक वीत खाली लागते. गाळा, त्याचे वेल्डिंग, चॅसीला जोडणारे बोल्ट हे सर्व दोन-चार इंचांच्या हिशेबाने घडवलेले असतात. पुष्कळ दांड्यांच्या बाबतीत उतार वाढला की त्यांची स्वतःची परवानगी असलेली क्षमताही कमी होते, व ती त्यांच्यावर छापलेली असते. ती वाचण्यासाठी मात्र चिखल पुसावा लागतो.

याहून नाजूक बाब भार वाटून देणाऱ्या हिचची आहे. 'अर्धटनी' म्हणवणाऱ्या अनेक हलक्या ट्रकांत पाच हजार पौंडांच्या पुढच्या ट्रेलरला अशी हिच सक्तीची असते. तिच्या दोन पोलादी कांब्या ट्रेलरच्या दांडीला ताणून बांधल्या की त्या ट्रकाचे शेपूट वर रेटतात आणि पुढच्या आंसावरून गेलेला भार बराचसा परत करतात. ही हिच लावताना जाणता माणूस सपाट जागा शोधतो, ट्रेलर सोडलेला असताना पुढच्या चाकावरील मडगार्डाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून कागदावर लिहितो, मग ट्रेलर जोडून पुन्हा मोजतो, आणि कांब्यांच्या साखळीची एकेक कडी कमीजास्त करीत ते अंतर कारखान्याने सांगितलेल्या आकड्यावर आणतो. उंचावलेल्या ट्रकात हा आकडाच नाहीसा झालेला असतो. पुस्तिकेतले माप दुसऱ्याच वाहनाचे. शिवाय खोल उताराच्या दांडीवर या हिचचे डोके बसवण्यास मर्यादा असतात, आणि मागच्या आंसावर उंच ठोकळे असतील तर जोर लागताच आंस स्वतःभोवती पिळून पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. ठोकळ्याऐवजी पूर्ण नवे पाटे घेतले तर हा दोष जातो. पैसे अर्थातच अधिक जातात.

हौद्यात बसणाऱ्या 'पाचवे चाक' नावाच्या जोडणीवरील मोठ्या ट्रेलरांचे दुखणे निराळे. तेथे भार मागच्या आंसाच्या जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे तरफेचे भय नाही. परंतु ट्रेलरचा पुढे आलेला छज्जा आणि ट्रकाच्या हौद्याची कड यांत पाच-सहा इंचांचे अंतर न राहिले तर पहिल्याच खोलगट वळणावर पत्रा पत्र्याला भिडतो. त्यावर तोड म्हणून काही जण ट्रेलरचे आंसच उलटे बांधून तोही उंच करतात. म्हणजे आधी ट्रक उचलला, मग ट्रकासाठी ट्रेलर उचलला, आणि आता दोघांचाही गुरुत्वमध्य वर गेला.

टायर मोठे झाले की गिअरचे गणितही बदलते. मागच्या आंसाचे गुणोत्तर 3.73 असेल आणि 32 इंची टायरच्या जागी 35 इंची आला, तर चाकाच्या एका फेऱ्यात अधिक अंतर तोडले जाते आणि गुणोत्तर जणू 3.41 झाल्यासारखे इंजिनाला वाटते. मोकळ्या रस्त्यावर हे कळतही नाही. मागे तीन टन असतील तर प्रत्येक चढावर कळते. त्यातच एकेक टायर पंधरा-वीस पौंडांनी जड झालेला असतो, ब्रेक मात्र मूळचेच. वेगदर्शक नव्याने जुळवून घेतला नसेल तर तो 60 मैल दाखवीत असताना वाहन 65 च्या पुढे धावत असते, आणि हे सिद्ध करून देणारा पोलीस रस्त्यात भेटतोच. उपाय म्हणून दोन्ही आंसांत 4.10 चे गिअर घातले की गाडी पुन्हा जवळपास मूळच्या ओढीला येते. हे काम पुढे-मागे दोन्हीकडे करावे लागते आणि त्याची मजुरी कित्येकदा उचलण्याच्या सामानाहून जास्त भरते.

ओढण्याची जी क्षमता जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते ती कशी ठरते, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापला आकडा आपापल्या धाडसाप्रमाणे छापीत असे. मग सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने 'जे2807' नावाचा एक जाबता घालून दिला, आणि 2011 च्या मॉडेलांपासून टोयोटाने तो प्रथम स्वीकारला, इतरांनी यथावकाश. या परीक्षेत ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळचा, अकरा मैलांहून थोडा लांब असा सलग चढ उन्हाळी उष्म्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह चढावा लागतो, आणि मागे दोनच चाके असलेल्या साध्या ट्रकाचा वेग ताशी 40 मैलांखाली येऊ देता येत नाही. ही परीक्षा देतो तो कारखान्यातला ट्रक. त्याची उंची, त्याचे टायर, त्याचे गिअर यांसह. सहा इंच उचललेल्या ट्रकाने ती कधी दिलेलीच नाही. त्याच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली वजनाची पट्टी मात्र पूर्वीचाच आकडा सांगत राहते, आणि मालक तो आपल्याच वाहनाचा समजून चालतो. कोणतेही उचलण्याचे सामान त्या पट्टीवरचा आकडा वाढवीत नाही. उलट त्या सामानाचे व टायरांचे वाढीव वजन वाहून नेण्याच्या क्षमतेतूनच वजा होते.

या प्रश्नावर सर्वांत बोलकी साक्ष खुद्द कारखानदारांची आहे, आणि ती उलटतपासणीतही टिकते. 2021 च्या फोर्ड एफ-150 या ट्रकाची कमाल ओढ, योग्य ते इंजिन व सामग्री घेतल्यास, 14,000 पौंड सांगितलेली होती. त्याच वर्षीच्या, त्याच घराण्यातल्या रॅप्टर नामक उंच, रुंद, वाळवंटी ट्रकाची कमाल ओढ होती 8,200 पौंड. रॅप्टर कोण्या गल्लीतल्या मिस्त्रीने उचललेला नव्हे. लांब पल्ल्याने खालीवर होणारे शॉकअब्सॉर्बर, रुंदावलेला पाया, सर्व काही एका मोठ्या अभियंतावर्गाने विचारपूर्वक रचलेले. तरीही मऊ स्प्रिंगा आणि उंच पवित्रा यांची किंमत त्या कंपनीने ओढीत मोजली व ती छापून टाकली. मूळ निर्मात्याला जे साधले नाही ते शनिवारी दुपारी एका गॅरेजात साधेल, असे मानण्यास फारच मोठी श्रद्धा हवी.

उंचावलेल्या ट्रकांनी ओढणारे लोक आहेत, वर्षानुवर्षे ओढीत आहेत, आणि त्यांतले सगळेच काही रस्त्याकडेच्या चरात पडलेले नाहीत, हा प्रतिपक्षाचा मुद्दा खरा आहे. ज्यांचे ट्रक मुळातच अवजड वर्गातले आहेत, ज्यांनी दोन-तीन इंचांपलीकडे हाव धरली नाही, ठोकळ्यांऐवजी पूर्ण पाटे घेतले, गिअर बदलले, मागे हवेच्या पिशव्या बसवून शेपूट बसू दिले नाही, दांडी क्षमतेपेक्षा वरच्या वर्गाची घेतली, आणि ओढायचे वजन कागदी मर्यादेच्या बरेच खाली ठेवले, त्यांच्या वाहनाला अव्यवहार्य म्हणता येणार नाही. मात्र या यादीतील प्रत्येक कलम उंचीमुळे निर्माण झालेली अडचण निस्तरण्यासाठी आहे, ओढ वाढवण्यासाठी एकही नाही. हवेच्या पिशव्यांविषयी तर एक गैरसमज इतका रुजला आहे की तो वेगळा सांगावा: त्या ट्रक सपाट दिसेल असे करतात, पुढच्या आंसावरचा गेलेला भार परत आणीत नाहीत.

आता रोजचा वापर. एका साध्या एफ-150 ची उंची साडेसहा फुटांच्या आगेमागे असते. तिच्यात साडेसात इंच घातले की ती सात फुटांवर जाते, आणि अमेरिकन घराच्या गॅरेजचे प्रचलित दार असते बरोबर सात फुटांचे. शहरांतील बहुमजली व तळघरातील वाहनतळांच्या तोंडाशी जी पिवळी आडवी दांडी टांगलेली असते तिच्यावरचा आकडा पुष्कळदा सात फुटांच्याही खाली असतो. ह्यूस्टनला किंवा डॅलसला मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या पुण्या-साताऱ्याकडच्या आईवडिलांचा विचार मनात आणावा. सत्तरीच्या आईने नऊवारीत नव्हे, साध्या पाचवारीतदेखील, कंबरेच्या उंचीच्या बैठकीवर चढायचे म्हणजे एका हाताने खांबाची मूठ, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर, आणि मनात कुलदैवत. पायरी बसवता येते, पण ती पुन्हा खाली लोंबते आणि ज्यासाठी ट्रक उचलला ते पोटाखालचे अंतर खाऊन टाकते. मागच्या हौद्यात पन्नास पौंडांची पोती टाकणाऱ्या माणसाला तर दिवसभरात प्रत्येक पोते अर्ध्या फुटाने अधिक उचलावे लागते. इंधन वाढते, कारण वाऱ्याला तोंड देणारे अंग वाढले. पुढच्या आंसाचे जॉइंट तिरप्या कोनात फिरून लवकर झिजतात. मागचा लांब शाफ्ट आणि त्याचे क्रॉस थरथरू लागतात. चाकांची अलाइनमेंट वरचेवर बिघडते.

सुरक्षिततेच्या बाजूस आकडे निष्ठुर आहेत. वाहन उलटण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2001 पासून जी श्रेणी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तिचा पाया साधा आहे: दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. चाकांत 68 इंच अंतर आणि गुरुत्वमध्य 29 इंचांवर असेल तर भागाकार 1.17 येतो, गुरुत्वमध्य चार इंच चढला की 1.03. या श्रेणीत शतांशांनी तारे कमी होतात, तेथे ही उतरण लहान नव्हे. गाडी घसरू लागताच प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणारी स्थिरतायंत्रणा 2012 च्या मॉडेलांपासून हलक्या वाहनांना सक्तीची झाली, पण तिची जुळणी मूळ उंचीवर झालेली असते. समोरची मोटार ओळखणारे कॅमेरे व रडार यांचीही तीच गत. आणि हे झाले आतल्यांचे. बाहेरच्यांची कैफियत निराळीच आहे. महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने 2023 मध्ये सुमारे 18,000 अपघात तपासून असे मांडले की ज्या वाहनांचे बॉनेट 40 इंचांहून उंच आहे त्यांनी, 30 इंचांच्या आतील उतरत्या बॉनेटच्या वाहनांशी तुलना करता, पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे 45 टक्क्यांनी अधिक. मोठे पिकअप कारखान्यातूनच या 40 इंचांच्या वर असतात. त्यांना आणखी अर्धा फूट वर चढवणाऱ्याने शाळेच्या फाटकासमोर वाहन सुरू करण्यापूर्वी एकदा खाली उतरून पुढे पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कायद्याचा अंमल याबाबतीत विस्कळीत आहे. संघराज्याचे नियम उत्पादकाला बांधतात, आणि धंदा म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला सुरक्षेची बसवलेली साधने निकामी करण्यास मनाई करतात. मालकाने स्वतःच्या अंगणात केलेल्या कामाला ती मनाई पोहोचत नाही. बंपरची, चॅसीची किंवा दिव्यांची कमाल उंची किती, हे प्रत्येक राज्य आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवते, तेव्हा एका राज्यात वैध असलेले वाहन हद्द ओलांडताच दंडपात्र ठरू शकते. नाक वर आणि शेपूट जमिनीला टेकल्यासारखे, अशी जी 'कॅरोलिना स्क्वॉट' नावाची विकृती मध्यंतरी बोकाळली तिला उत्तर कॅरोलिनाने 2021 मध्ये, व्हर्जिनियाने 2022 मध्ये आणि दक्षिण कॅरोलिनाने 2023 मध्ये कायद्याने बंदी घातली, हे चांगलेच झाले. तशा ट्रकाच्या चालकाला रस्त्याऐवजी नभोमंडल दिसते. हमीच्या बाबतीत मात्र मालक अगदीच असहाय नाही. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे, केवळ बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्या कारणावरून कंपनीला संपूर्ण हमी रद्द करता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. तिरप्या कोनात फिरून फुटलेल्या पुढच्या जॉइंटबाबत हे दाखवणे काही अवघड नसते, ही गोष्ट वेगळी.

मग उंची कोणाला? जंगलखात्याच्या कच्च्या वाटांवरून, बर्फातून, नदीपात्रातून खरोखर जाणाऱ्याला ती हवी, आणि त्यालाही बहुधा दोनच इंच पुरतात. शेव्हरलेने 2019 पासून सिल्व्हराडोच्या ट्रेल बॉस प्रकारात कारखान्यातूनच दोन इंचांची उंची दिली आहे. रॅम 1500 मध्ये हवेच्या सस्पेन्शनचा पर्याय त्याहून जुना आहे, ज्यात चालक बटण दाबून वाहन कच्च्या वाटेसाठी वर आणि चढण्या-उतरण्यासाठी खाली घेतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण वादात विवेकाला धरून असलेली उंची ही हवेच्या सस्पेन्शनचीच. गरज पडेल तेव्हा मिळते आणि संपताच परत करता येते.

आपल्या देशात प्रश्नच निराळा आहे. येथे इसुझुचा व्ही-क्रॉस 2016 मध्ये आणि टोयोटाचा हायलक्स 2022 मध्ये आल्यापासून हौशी पिकअप दिसू लागले, आणि त्यांबरोबर उचलण्याचे सामानही. परंतु मोटार वाहन कायदा, 1988 च्या 52 व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हा अर्थ निःसंदिग्धपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. बाजारपेठेतल्या मालवाहू पिकअपना जादा पाटा घालून घेण्याची आपल्याकडची रूढी जुनी आहे, पण त्यामागे शोभेचा सोस नाही. आणि जादा पाट्याने कायदेशीर भार वाढत नाही, हे तिथेही तितकेच खरे आहे.

ज्यांना अमेरिकेत जुना पिकअप ट्रेलर ओढण्यासाठी घ्यायचा आहे त्यांना सल्ला एवढाच की उचललेला ट्रक स्वस्त मिळाला तरी टाळावा. ज्यांनी नवा घेऊन उचलायचे ठरवूनच टाकले आहे त्यांनी निदान एक पथ्य पाळावे: काढलेले मूळ पाटे, स्प्रिंगा, नकल आणि चाके मिस्त्रीकडे न सोडता घरी आणून कोरड्या जागी ठेवावीत, मोठा ट्रेलर घ्यायची वेळ आली की ती परत बसवता येतात.